आधी दाखला

उर्दूत ‘दाखिला’ म्हणजे शाळेतला प्रवेश. मराठीत ‘दाखला’ म्हणजे शाळा सोडताना मिळणारा कागद. दोन्ही भाषा शिकवताना या जोडीवर मुलं हमखास हसतात. मराठीत दाखल्याचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे उदाहरण. मला तो सगळ्यांत आवडतो, कारण चांगलं उदाहरण हा आत जाण्याचा रस्ताच असतो.

हे आठवायचं कारण म्हणजे संगणक. जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं की तो पुन्हा चालू लागतो आणि लायसन्सचा खर्चही नसतो. पण एखादी कमांड अडली तर देवगाव फाट्यावर विचारणार कुणाला? मग ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव द्यायचं, की माहितीचं पान उघडतं. ही पद्धत फार जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं.

या पानांत चुकीचं काही नसतं. चौकोनी कंसातलं ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे असे कितीही, हे सगळं नेमकं असतं. पण फाइल कॉपी करणाऱ्या ‘सीपी’चं लिनक्सवरचं पान शेवटपर्यंत वाचलं तरी पर्यायांची लांब यादीच मिळते, उदाहरण एकही नाही. ‘कॅट’च्या पानावर उदाहरणं आहेत, पण त्यातल्या फाइलींची नावं ‘एफ’ आणि ‘जी’! माझ्या टेबलावर हजेरीपट आहे, जनरल रजिस्टर आहे. एफ आणि जी घेऊन मी काय करू?

बीएडला आम्ही उद्गामी पद्धत शिकलो. आधी उदाहरणं, मग नियम. ‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ शब्दकोशातून पाठ करून घेतले तर उर्दू माध्यमाचं मूल घाबरून जातं. तेच मी फळ्यावर ‘तहान लागली, ठेच लागली, दिवा लागला, नोकरी लागली’ असं लिहिते. मग ते मूल घरी जाऊन पाचवं वाक्य स्वतः करतं. उर्दूच्या मोठ्या कोशांतही नुसत्या अर्थावर भागत नाही. शब्द कसा वापरला याची सनद म्हणून शायराचा शेर देतात. कमांडसुद्धा एक क्रियापदच आहे, तिलाही सनद हवी.

काही पानं लिहिणाऱ्यांना हे कळलं होतं. ‘आरसिंक’ ही कमांड फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६मध्ये आणली. तिच्या जुन्या पानावर लेखक सरळ सांगतो, की बायकोच्या वर्डच्या मोठ्या फाइली आणि टपाल मी रोज रात्री माझ्या संगणकावर असं उतरवून घेतो. वाचताना वाटतं, अरे, हे तर आपल्यासारखंच काम! तिथून पुढे पान परकं राहत नाही.

माझ्या वहीत मी याच कमांडचं उदाहरण शाळेच्या कामातून लिहिलं आहे. स्कॅन केलेलं जनरल रजिस्टर दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं. पहिल्या ओळीत ‘एन’ हा पर्याय. त्याने प्रत्यक्ष काही होत नाही, काय होणार ते फक्त दिसतं. दुसरी ओळ तीच, ‘एन’ काढून. खाली दोन सूचना. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतल्या फाइली जातात, नाही दिली तर फोल्डरसकट जातात. आणि ‘डिलीट’चा पर्याय लावून मूळ व मुक्काम यांची अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेलं फोल्डर रिकामं करील. हे सगळं मूळ पानावर आहे, पण विखुरलेलं. उदाहरणात ते एका जागी येतं.

२०१३मध्ये सुरू झालेला ‘टीएलडीआर’ हा खुला प्रकल्प हेच काम करतो. एका कमांडची मोजकी उदाहरणं, प्रत्येकावर एका ओळीत उद्देश, आणि वाचणाऱ्याने बदलायचा भाग दुहेरी महिरपी कंसात. कोणीही पान सुधारू शकतं, भाषांतर करू शकतं. म्हणजे हे काम फक्त इंजिनिअरांचं नाही. कोणत्या ओळीवर वाचणारा अडेल, हे शिक्षकाइतकं कोणाला माहीत असतं? आपल्या मराठी-उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी, कारकुनांनी आपापल्या रोजच्या कामातलं एकेक उदाहरण लिहून ठेवावं. छोटं, जसंच्या तसं चालणारं, आणि स्वतः चालवून पाहिलेलं.

वीस-वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसं आजही दाखल्यासाठी येतात. त्यांची जन्मतारीख, जात, बापाचं नाव, सगळं रजिस्टरच्या एका ओळीत असतं. ती ओळ टिकवणारी कमांड संगणकात आधीपासूनच आहे. ती वापरायचं धैर्य मात्र कारकुनाला दाखल्यानेच येतं.