ज्याची त्याची मर्जी

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घारापुरीची लेणी दाखवायला नेणे हा आमचा जुना नेम. गेटवेच्या धक्क्यावरून लाँच सुटली की तासाभराचा प्रवास. वरच्या मजल्यावर बसायचे तर वेगळे पैसे. या प्रवासातील एक लहानशी गोष्ट आम्ही बरीच वर्षे विसरून होतो. ती आता लिहून टाकावी असे वाटते.

२०१९च्या जानेवारीतील सहल. लाँचच्या छतालगतच्या फळ्यांवर केशरी जाकिटे कोंबून ठेवलेली होती. एका विद्यार्थिनीने खलाशाकडून त्यांतले एक मागून घेतले आणि अंगात घातले. ती घाटावरच्या गावातून आलेली. समुद्र प्रथमच पाहत होती आणि तिला पोहता येत नव्हते. बरोबरची मुले हसली. कोणीतरी 'टायटॅनिक' म्हणाले. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "अगं, ज्याची त्याची मर्जी. घालायचं तर घाल." आणि आम्हीही किंचित हसलो. पाच मिनिटांत जाकीट पुन्हा फळीवर गेले. उरलेला प्रवास तिने बाकाची कड घट्ट धरून केला. लेण्यात त्रिमूर्तीपुढे उभे राहून आम्ही पुष्कळ बोललो. परतीच्या प्रवासाची धास्ती बाळगून उभ्या असलेल्या त्या मुलीने त्यातले किती ऐकले असेल, हे आमच्या मनातही आले नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ माणसे गेली. लाँचला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती. प्रत्यक्षात तीवर शंभराहून अधिक जण होते, आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ शाळकरी मुले आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या होत्या. ती बातमी आम्ही तेव्हाच वाचली होती. तिच्यातला 'शिक्षिका' हा शब्द मात्र आम्ही डिसेंबरानंतर वाचला, असे म्हणावे लागेल.

'नीलकमल'नंतर गेटवेच्या लाँचवर प्रवाशांना जाकीट सक्तीचे झाले. २०२५च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मुलांना घेऊन गेलो, तेव्हा एक विद्यार्थी जाकीट हातात धरून म्हणाला, "सर, मला पोहता येतं. बुडालो तर मी बुडेन. यात सक्ती कशाला?"

प्रश्न उद्धट नव्हता, जुना होता. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'त धोकादायक पुलावर पाऊल टाकू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर जाणत्या माणसाला सावध करावे, बळाने अडवू नये, असे त्याचे म्हणणे. आगरकरांच्या पिढीने मिल मनापासून वाचला, आणि आगरकर आम्ही वर्गात शिकवतो. तेव्हा त्या मुलाला 'नियम आहे, घाल' एवढे सांगून सुटणे आम्हाला शोभले नसते.

पण मिलच्या पुलावर माणूस एकटा असतो, आणि पूल कसा आहे हे त्याला सांगता येते. लाँचच्या प्रवाशाला काय ठाऊक असते? तिची क्षमता किती, आज माणसे किती चढली, समोरून काय येते आहे, यातले काहीही त्याच्या तिकिटावर छापलेले नसते. शिवाय पाण्यात पडल्यावर न पोहणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, आणि पोहणाराही खाली जातो. स्वतःच्या होडीतून, वाऱ्यापाण्याचा अंदाज घेऊन एकट्याने निघालेल्याला आम्ही फार तर विनवणी केली असती. शंभर जणांच्या लाँचवर 'माझे मी पाहीन' या वाक्याला तेवढा अर्थ उरत नाही.

आम्हाला त्याहून अधिक टोचली ती २०१९ची मुलगी. तिला आम्ही निवडीचे स्वातंत्र्य दिले होते; तिने निवडही केली होती. ती आमच्या हसण्याने पाच मिनिटांत मोडली. त्या दिवशी नियम असता, तर ती हवे तेच करून निर्धास्त बसली असती आणि कोणी हसले नसते. भित्र्यांच्या स्वातंत्र्याला कधी कधी सक्तीचाच आधार लागतो, हे आम्हाला मिलच्या पुस्तकात सापडले नव्हते.

तरीही नियमाविषयी आमचे समाधान पुरते नाही. आमच्या त्या लाँचवर काही जाकिटांची बक्कले तुटलेली होती. निम्म्या प्रवाशांनी ती नुसती गळ्यात अडकवली होती. अशी सैल जाकिटे पाण्यात डोक्यावरून निघून जातात. जाकिटाने टक्कर टळत नाही, की जादा माणसे उतरत नाहीत. प्रवाशाच्या अंगावर केशरी कापड चढले म्हणजे मालकाची आणि यंत्रणेची जबाबदारी संपली, असे झाले तर तो नियम त्यांच्याच सोयीचा ठरेल.

हे सगळे आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याला ते पटले असे नाही. पण त्याने जाकीट घातले. मात्र बोलणे सुरू करण्यापूर्वी आम्ही दोघांनी आपापली जाकिटे घालून, मुलांच्या देखत, बंद आवळून घेतले होते. २०१९ साली एवढेच करायचे होते.