नावाचा मान

शर्यतीच्या जातिवंत घोड्यास नाव ठेवणे हे बारशाइतके सोपे नाही. मालकाने सुचविलेले नाव वंशनोंदीच्या कसोटीस उतरावे लागते. आपल्याकडे ही नोंद पुण्यास ठेविली जाते. रोमन लिपीत नाव १८ अक्षरांहून लांब नसावे. मधली मोकळी जागाही त्यांतच धरावयाची. शिवाय मालकांस नावात आईबाप गुंफण्याची हौस असते. बाप 'पॉलिनेशियन' व आई 'गेशा', म्हणून १९५० साली जन्मलेल्या एका अमेरिकन घोड्याचे नाव पडले 'नेटिव्ह डान्सर'!

पूर्वी इतका काटेकोरपणा नव्हता. १७६४ सालच्या सूर्यग्रहणावरून नाव मिळालेला इंग्लंडचा 'एक्लिप्स' अजिंक्य ठरला. पुढे १८१४ साली अमेरिकेत जन्मलेला एक घोडा त्याच्याच नावाने 'अमेरिकन एक्लिप्स' म्हणून गाजला. आता दोन देशांत नाव एकच आले, तर पुढे देशाची खूण जोडतात. परंतु जे घोडे फार थोर ठरले, त्यांची नावे राखीव यादीत जातात. ती पुन्हा कोणास मिळत नाहीत. थोराचा मान राखावयाचा तो त्याच्या नावास कुलूप लावून!

आमच्या वऱ्हाडात चाल नेमकी उलट. मूर्तिजापुराकडे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभे राहून कोणी 'सर्जा' अशी हाक मारली, तर किती माना वळतील ह्याचा नेम नाही. दावणीचा सर्जा म्हातारा होऊन गेला की नव्या गोऱ्ह्यास तेच नाव मिळते. धन्यास त्यात जुन्याचा विसर वाटत नाही.

माणसांतही तेच. आमच्या थोरल्या बंधूंस आजोबांचे नाव ठेविले होते. आजीने ते नाव उखाण्याखेरीज जन्मात उच्चारले नव्हते. नातवासही ती 'बापू' म्हणे. पण सवंगडी दाराशी येऊन त्या नावाने हाका मारीत, तेव्हा ती हातचे काम थांबवून ऐकत राही.

हल्लीचे आईबाप गावात दुसऱ्या कोणाचेच नसेल असे नाव शोधतात. लेकराची ओळख स्वतंत्र असावी, ही इच्छा वावगी नव्हे. परंतु आजोबांचे नाव कोरलेला तांब्या आम्ही फडताळात बंद करून ठेवीत नाही. त्यानेच रोज पाणी पितो. नावाचे तरी निराळे काय आहे?