पलंगालगतचा पाळणा

सहावीच्या मुलांना इमला लिहायला दिला की दरवर्षी एक चूक हमखास सापडते. 'महद' म्हणजे पाळणा आणि 'लहद' म्हणजे कबर. कानाला दोन्हींत फक्त पहिल्या अक्षराचा फरक. लिहिताना मात्र पाळण्यात छोटी 'हे' येते आणि कबरीत बडी 'हे'. मुलं दोन्हीकडे एकच 'हे' लावून मोकळी होतात. पाळण्यापासून कबरीपर्यंत इल्म मिळवत राहा, ही म्हण आमच्या उर्दू शाळांतून इतकी घोटली जाते, तरी ही 'हे' काही सुधारत नाही. मी लाल पेनाने दुरुस्त करते आणि पुढची वही घेते. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र त्या दोन शब्दांवर माझं पेन जरा जास्त वेळ थांबलं. मला सातवा महिना होता. वय पस्तीस, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची शक्यता बोलून दाखवली होती.

आम्ही पिंपळे सौदागरमध्ये राहतो. नव्या टोलेजंग सोसायट्यांत नाही, रहाटणीच्या बाजूला असलेल्या एका जुन्या इमारतीत, एका बेडरूमच्या घरात. बेडरूम दहा बाय दहाची. त्यात सामानाचा पेटीपलंग, कपाट आणि माझ्या वह्यांचा ढीग. बाळ कुठे झोपणार, हा प्रश्न अम्मी बार्शीहून आली त्याच दिवशी निघाला. पहिलं बाळंतपण म्हणजे खरं तर मीच बार्शीला जायचं, पण डॉक्टर इथले, म्हणून अम्मीच आली. येताना दोन जुन्या सुती साड्या घेऊन आली. छताकडे बघत म्हणाली, "हुक किधर है? झोली बांधना है."

छताला हुक पंख्याचा होता. सासूबाईंचं मत वेगळं. त्या फोनवर म्हणाल्या, "दोघांच्या मध्ये घ्या. आम्ही सहा पोरं तशीच वाढवली." हे ऐकून अम्मी एकदम गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मला तेव्हा कळलं नाही.

माझ्या मनात तिसरंच होतं. वरच्या मजल्यावर हिंजवडीला कामाला जाणारं एक जोडपं राहतं. त्यांच्या घरी मी पलंगाला खेटून उभा केलेला पाळणा पाहिला होता. त्याची एक बाजू खाली केलेली, आईची गादी आणि बाळाची गादी एका पातळीत. पोटावर टाके असलेल्या बाईने रात्री चार वेळा उठायचं, वाकायचं, बाळ उचलायचं, यापेक्षा हात लांब करून जवळ ओढायचं. कुराण शरीफने दूध पाजण्याची मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. त्या दोन वर्षांतल्या पहिल्या चाळीस रात्री बाई कशी काढते, हे बाईलाच ठाऊक.

एका रविवारी आम्ही कोकणे चौकातून शिवार चौकाकडे दुकानं बघत गेलो. या रस्त्यांवर बाळाच्या वस्तूंची दुकानं जागोजागी आहेत. विक्रेत्याने पहिला पाळणा दाखवला तो बारा हजार आठशेचा. त्याला चाकं, झोका, संगीत, आणि चारी बाजूंनी आतून जाड मऊ गाद्या बांधलेल्या. "मॅडम, डोकं आपटणार नाही," तो म्हणाला. दुसरा डोक्याकडून उचलून तिरका करता येणारा. "दूध वर येत नाही." तिसऱ्याबरोबर उशी, लोड आणि रजई फुकट. सगळं इतकं मऊ की मलाच झोपावंसं वाटलं.

घरी येऊन मी वाचायला बसले. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, चांगले गुण पडले होते; बाळाला कुठे आणि कसं झोपवावं यावर त्यात एक ओळ नव्हती. आता कळलं की विक्रेत्याने ज्या गोष्टींचं कौतुक केलं, नेमक्या त्याच नको असतात. बाजूंच्या मऊ गाद्या बाळाच्या नाकातोंडावर येऊ शकतात. तिरक्या पाळण्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेले झोपण्याचे पाळणे आणि त्या मऊ गाद्या, दोन्हींच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. एक बाजू वरखाली सरकणारे तिथले जुने पाळणे तर २०११ मध्येच बंद झाले; सरकती बाजू निसटायची आणि बाळ फटीत अडकायचं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला साधा आहे. बाळ उताणं, सपाट आणि टणक गादीवर, एकटं. उशी नाही, रजई नाही, खेळणं नाही. किमान सहा महिने आईच्याच खोलीत, पण तिच्या अंथरुणात नाही. गजांमध्ये सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर पाय आणि धड बाहेर जाऊन डोकं अडकतं.

हे सगळं मी अम्मीला मोठ्याने वाचून दाखवलं. झोळीबद्दलही सांगितलं, की तीत बाळाची पाठ वाकते, मान पुढे पडते, कापड तोंडावर येतं. अम्मी ऐकत होती. मग तिने खिडकीतून बोट दाखवलं. समोर नव्या इमारतीचं काम चालू होतं आणि खालच्या मजल्यावर दोन खांबांना बांधलेली झोळी हलत होती. "उसे बोल जा के," ती म्हणाली. मी काय बोलणार? त्या बाईला खाली ठेवलं तर मुंग्या, उंदीर, कुत्री. तिच्यासाठी झोळी हाच तिच्या परिस्थितीतला सगळ्यात शहाणा पाळणा होता.

पाळणा शेवटी झाला तो कुदळवाडीत. चाकणच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रांचे सुटे भाग येतात ते पाईनच्या लाकडी खोक्यांतून. हे लाकूड भंगारात निघतं, चिखलीजवळच्या कुदळवाडीत येतं आणि तिथले मिस्त्री त्याचे दिवाण, कपाटं, शाळेची बाकं करतात. आमचे हे चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, उत्तर प्रदेशातून तीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांच्या शेडमध्ये लाकडाचा इतका छान वास होता की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं.

पण या लाकडातही निवड असते, हे मला ह्यांनी शिकवलं. परदेशी खोक्याच्या फळीवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि खाली अक्षरं असतात. 'एचटी' असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर किमान तीस मिनिटं तापवून कीडमुक्त केलेलं. 'एमबी' असेल तर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली. मिस्त्रींना शिक्का माहीत होता, अर्थ माहीत नव्हता. ते म्हणाले, "बहनजी, हम तो गांठ देखते हैं, मुहर नहीं." मग आम्ही तिघांनी ढीग उपसून फक्त 'एचटी'च्या, तेलाचे डाग नसलेल्या फळ्या निवडल्या. मी त्या अवस्थेत स्टुलावर बसून शिक्के वाचत होते. जन्मभर वह्या तपासल्या, आता फळ्या.

रंग देऊ नका म्हटलं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून नव्वद पीपीएम आहे, पण कुदळवाडीतल्या डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे हे कोण सांगणार? मिस्त्रींनी नुसतं घासून घासून लाकूड गुळगुळीत केलं. ह्यांनी बरोबर सहा सेंटीमीटरचा एक लाकडी ठोकळा करून नेला होता. कारखान्यात त्याला गो-नो-गो गेज म्हणतात. प्रत्येक दोन गजांमध्ये तो लावून पाहायचा. आत गेला तर गज पुन्हा बसवायचा. दोन गज पुन्हा बसवले. मिस्त्री आधी हसले, नंतर स्वतःच ठोकळा मागून घेतला.

राहिली गादी. पिंजाऱ्याकडून मऊ कापसाची करू या, असं अम्मी म्हणत होती. पिंजारीभाईंनीच तिला समजावलं की कापूस चार महिन्यांत दबतो, खळगे पडतात. त्यांनी काथ्याचा टणक तुकडा मापाने कापून वर घट्ट खोळ शिवली. कडेला बोट शिरणार नाही इतकी नेमकी. पलंग आणि पाळणा यांच्यात फट पडू नये म्हणून ह्यांनी ट्रकवर माल बांधायचे दोन पट्टे आणले आणि पाळणा आमच्या गादीखालून पलंगाला आवळला. सगळं मिळून खर्च चार हजारांच्या आत.

पट्टे बांधून झाले त्या रात्री हे पाळीला गेले होते. अम्मी पाळण्याजवळ उभी होती. पलंग आणि पाळणा जिथे मिळतात तिथे तिने बोटं घातली. बोटं गेली नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्याआधी एक होता, माहीत आहे ना?"

माहीत होतं, पण नुसतं एवढंच. पहिला मुलगा झाला होता आणि गेला. १९८६ चा हिवाळा, बार्शीचं पत्र्याचं घर, सगळे जमिनीवर, एका वाकळेत. बावन्न दिवसांचा होता. पहाटे अम्मीला जाग आली तेव्हा तो थंड होता. दादीने सगळ्यांसमोर एकच वाक्य म्हटलं, "सोते सोते दाब दी." नंतर कधी कुणी हा विषय काढला नाही, काढायची गरजही नव्हती. माझ्या वेळी अम्मीने झोळी बांधली आणि वर्षभर तिच्या दोरीला हात लावून बसून झोपली. मग मला सासूबाईंच्या त्या फोननंतरचं गप्प होणं आठवलं.

मी तिला सांगितलं की हे आरोप जगभरच्या आयांनी सोसलेत. शतकांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्सच्या दायांना बाळावर 'आर्कुच्चो' नावाची लाकडी कमान ठेवायला लावत, झोपेत अंगाखाली येऊ नये म्हणून. आणि हेही सांगितलं की धडधाकट बाळ झोपेत अचानक जातं आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही, असं डॉक्टरांनी १९६९ मध्ये मान्य करून त्याला वेगळं नाव दिलं. म्हणजे कदाचित तू काहीच केलं नव्हतंस.

अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वो पेट पे सोया था. तेरी दादी बोली थी, वायू होता नै." आणि मला विचारलं, "पेट पे सुलाए तो कुछ होता क्या?"

मी सगळं वाचलं होतं. १९९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बाळांना उताणं झोपवायला सांगितलं गेलं आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. जाड पांघरूण, मोठ्यांचं अंथरूण, पालथं झोपणं, तिन्ही धोक्याचे. म्हणजे ज्या पुस्तकाने मी अम्मीला सोडवायला निघाले होते, ते तिला पूर्ण सोडत नव्हतं. दादीलाही नाही. खरं उत्तर देता आलं असतं. मी शिक्षिका आहे. मी म्हटलं, "तेव्हा डॉक्टरही तसंच झोपवायला सांगायचे." हे खोटं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. अम्मीने मान हलवली. तिला कळलं असावं.

नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, दोन किलो सातशे ग्रॅम. ह्यांनी कानात अजान दिली. अकिक्याला आलेल्या पाहुण्यांनी डोकं गोल होण्यासाठी मोहरीची उशी, मच्छरदाणीची छत्री, लोड, तावीज असं पुष्कळ आणलं. उश्या आणि लोड पलंगाच्या पेटीत गेले. तावीज गळ्यात बांधू द्यायचा नाही यावर मी ठाम होते, काळा दोराही नाही. भांडणाची तयारी ठेवली होती. अम्मीनेच तो पाळण्याच्या पायाला बाहेरून बांधला आणि पाहुण्यांना म्हणाली, "बला जमीन से आती है, पाव से चढती है." हा सिद्धांत तिने त्याच क्षणी तयार केला होता, पण कुणी आक्षेप घेतला नाही. उशाखाली ठेवायचा चाकू मात्र तिने माझ्या गादीखाली सरकवला. तो मला पंधरा दिवसांनी सापडला.

चाळीस दिवस अम्मी राहिली. रोज इशाची नमाज झाली की येऊन फटीत बोटं घालायची, पट्टा ओढून बघायची आणि मग झोपायची. बसून नाही, आडवी होऊन.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत बुलडोझर फिरले. अतिक्रमणाच्या कारवाईत हजारो शेड, गोदामं, दुकानं काही दिवसांत जमीनदोस्त झाली. मिस्त्रींची शेडही गेली. ह्यांनी जाऊन पाहिलं तर तिथे सपाट माती होती. फोन लागला नाही. गावी गेले म्हणे. ठोकळा त्यांच्याकडेच राहिला होता.

मुलगी एप्रिलमध्ये हातांवर जोर देऊन अंग उचलायला लागली, तेव्हा तो पाळणा बंद करायची वेळ झाली. या पाळण्याची बाजू खालची असते, ते तिथून पुढे चालत नाही. काही महिने त्यात वह्या ठेवल्या. आता शाळेतल्या एका सहशिक्षिकेला दिवस आहेत, काळेवाडीला राहते. तिला पाळणा दिला. एक गज सैल झाला होता, तो ह्यांनी नवा ठोकळा करून मापाने पुन्हा बसवला. संध्याकाळी अम्मीचा बार्शीहून फोन आला. पाळणा गेला म्हटल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "पट्टे दिए ना साथ में? दोनों?"