काळं कुठून येतं?

तुमच्या कॉन्फरन्स रूममध्ये अजून जुना प्रोजेक्टर टिकून असेल तर एक गंमत करून बघा. सेल्सचा रिव्ह्यू चालू आहे, बॉस सतराव्या स्लाइडवर आहेत आणि तुम्हाला जांभई येतेय. अशा वेळी पडद्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर झटकन फिरवा. पांढऱ्या अक्षरांच्या कडेला क्षणभर लाल, हिरवे, निळे फटकारे दिसले का? दिसले असतील तर डोक्यावर लटकलेल्या त्या डब्यात लाखो आरसे आहेत असं समजा. (सगळ्यांना दिसत नाहीत. आमच्या टीममधल्या एकीला इतके दिसतात, की ती मीटिंगभर वहीतच बघत बसते. बॉसना वाटतं, काय सिन्सिअर मुलगी आहे!)

या आरशांचं नाव डीएलपी. चिप एवढीशी, त्यावर ॲल्युमिनियमचे चौकोनी आरसे मांडलेले. सुरुवातीच्या चिपमधला एकेक आरसा सोळा मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे पाच-सहा भाग केले तर त्यातला एक. एक आरसा म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. थिएटरच्या टू-के मशीनमध्ये २०४८ गुणिले १०८०, म्हणजे २२ लाख ११ हजार ८४० आरसे सव्वा इंचाच्या तिरक्या मापात बसवलेले असतात. आणि अशा चिपा तीन, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक. ऑफिसच्या स्वस्त डब्यात चिप एकच असते. तिच्यासमोर रंगीत काचांचं चाक गरागरा फिरतं आणि तिन्ही रंग एकामागून एक येतात. ते फटकारे त्या चाकाचे.

हे काढलं अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी. १९७७ पासून ते आरसा कमी-जास्त वाकवून करड्या छटा मिळवायच्या खटाटोपात होते. दहा वर्षं! १९८७ मध्ये त्यांनी तो नाद सोडला आणि आरशाला दोनच जागा दिल्या. दहा-बारा अंश इकडे कलला तर उजेड पडद्यावर, तेवढाच तिकडे कलला तर उजेड बाजूला. मधलं काही नाही. मग करडा रंग कसा येतो? तर वेळेवर! आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे होतो. निम्मा वेळ 'हो' आणि निम्मा वेळ 'नाही' म्हणाला की आपल्या डोळ्याला मध्यम करडं दिसतं. नायिकेच्या गालावरची ती नाजूक सावली म्हणजे काही हजार आरशांची नुसती फडफड असते. २०१५ च्या फेब्रुवारीत हॉर्नबेकना यासाठी ऑस्कर मिळालं. सोहळ्याच्या मुख्य रात्री नव्हे, तंत्रज्ञांच्या वेगळ्या कार्यक्रमात. तंत्रज्ञांचं ताट नेहमी वेगळंच मांडतात.

हे सगळं मी एकदा उत्साहात मामांना सांगत होतो. आमचे मामा ऑपरेटर. आधी यात्रा-जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर, मग नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या थिएटरात. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, मामांच्या तोंडात मात्र नगरच आहे.) सायन्सशी संबंध दहावीपुरता, पण त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मंग काळं कुठून येतं रे?"

त्यांच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. फिल्ममध्ये काळं असतंच, त्या पट्टीवर. उजेड तिथे अडतो आणि फिल्म तापते. रीळ अडकलं की चौकट वितळून पडद्यावर तपकिरी फोड येतो आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. आरशाच्या मशीनमध्ये काळं कुठेच नसतं. दिवा सिनेमाभर पूर्ण जळत असतो, भुताचा सीन असो की समुद्रावरचं गाणं. काळ्या ठिकाणचे आरसे आपला उजेड आतल्याच एका काळ्या, उजेड पिऊन टाकणाऱ्या भागावर फेकून देतात. थोडासा निसटतोच, म्हणून स्वस्त प्रोजेक्टरवर रात्र कधी काळी दिसत नाही, राखाडी दिसते.

"म्हंजे उजेड वाया घालवायचा, तवा अंधार हुतो," मामा म्हणाले, "डिझेलवर परवडायचं नाय."

तंबूवाल्याचा हिशेब तो! तंबू टॉकीज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकमधून प्रोजेक्टर, पडदा, कनात, बांबू असं सगळं यायचं. दिवसा तंबू उभा राहायचा, अंधार पडला की खेळ. पब्लिक जमिनीवर. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटवायचा आणि कांड्या झिजतील तशा हाताने जवळ आणत राहायच्या. हात जरा ढिला पडला की पडदा पिवळा. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा साडेतेरा हजार फूट. चार किलोमीटर! माळीवाडा स्टँडवर टोक धरलं तर भिंगारपर्यंत पोहोचेल एवढी पट्टी मामा रोज रात्री दोनदा गुंडाळायचे.

या चार किलोमीटरची किंमतही होती. एका प्रिंटला ५० हजारांच्या पुढे. मराठी निर्मात्याने वीस प्रिंट काढल्या तर दहा लाख तिथेच गेले, मग तो पुणे-मुंबईपुरत्या मोजक्याच काढणार. त्या तिथे घासून घासून झिजल्या की तालुक्याला आणि त्याच्याही नंतर तंबूत. आम्ही लहानपणी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात पाऊस पडायचा. फिल्मवरच्या ओरखड्यांचा!

१९९९ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'स्टार वॉर्स'चा नवा भाग चार पडद्यांवर फिल्मशिवाय दाखवला गेला. त्यातल्या दोन पडद्यांवर आरसे होते. आपल्याकडे २००५ नंतर सॅटेलाइटवरून सिनेमा पाठवणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांनी एक देशी शहाणपण केलं. हॉलीवूडच्या मानकाचं महागडं मशीन छोट्या थिएटरला परवडणार नाही, तर त्याच्या खालच्या दर्जाचं, स्वस्त मशीन बसवलं. हॉलीवूडवाले त्यावर आपला सिनेमा देत नसत. न का देईनात, श्रीगोंद्याला कुठे त्याची वाट बघत होते! २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची कच्ची फिल्म बनवणं थांबवलं आणि एक-दोन वर्षांत आपल्याकडची रिळंही जवळपास संपली.

याचा फायदा कुणाला झाला हे नगरवाल्यांनी तरी विसरू नये. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकताना नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कॉलेजात शिकलेले भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे. 'ख्वाडा'साठी त्यांनी जमीन विकली. विचार करा, जमीन विकून केलेला सिनेमा, वर प्रत्येक प्रिंटला ५० हजार मागितले असते तर किती गावांत पोहोचला असता? तो २०१५ च्या ऑक्टोबरात लागला. पुढच्या एप्रिलात 'सैराट' आला आणि शहरात ज्या शुक्रवारी, त्याच शुक्रवारी तालुक्यालाही लागला. पुण्यात माझ्या बाजूच्या क्यूबिकलमधल्या मुलाने पाहायच्या आत गावाकडच्या चुलत भावाने पाहून झालेला होता. मला फोनवर स्टोरी सांगू लागला, मी फोन कट केला.

फुकट काहीच नसतं म्हणा. प्रिंटचा खर्च गेला, पण सिनेमा पोहोचवण्याचं कंपन्यांचं भाडं निर्मात्याच्या मानेवर आलं. छोटे निर्माते त्यावर वर्षानुवर्षं कुरकुरत आलेत आणि मला ती कुरकुर रास्त वाटते.

आणि ऑपरेटर? तंबूवाल्यांची ही सगळी उलथापालथ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आहे. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. जमलं तर पाहाच. मामांच्या थिएटरात बदल एका आठवड्यात झाला. दोन तरुण पोरं आली, मशीन बसवलं, पासवर्ड टाकला आणि तो मामांना सांगितला नाही. सिनेमा कुलूपबंद येतो, ठरलेल्या शोलाच उघडतो. पूर्वी लाइट गेली की मामा जनरेटर लावून दोन मिनिटांत खेळ पुन्हा सुरू करायचे. आता मशीन कॉम्प्युटरसारखं उठेपर्यंत पब्लिक शिट्ट्या मारतं आणि मामांच्या हातात करण्यासारखं काही नाही. दोन वर्षं त्यांनी बटण दाबायची नोकरी केली. पगार तोच होता. मग मालकाने थिएटरच बंद केलं.

त्या बदलाबद्दल मामा चिडून बोलत नाहीत. "पिक्चर लई स्वच्छ दिसतो," एवढंच म्हणतात, आणि ते खरंच आहे. हल्ली ते एका मंगल कार्यालयात लाइटचं बघतात. तिथे स्टेजमागे एलईडी वॉल आहे, तिच्यात आरसे नाहीत, प्रोजेक्टर नाही. जिथे काळं हवं तिथला दिवाच बंद. मामांना ते पटलं.

जुनी दोन्ही मशीनं भंगारात किलोच्या भावाने गेली. लेन्स तेवढी मामांनी मालकाकडून मागून घेतली. सुट्टीत नातवंडं गच्चीवर तिने कागद जाळतात आणि मामी खालून ओरडत असते.