धनुष्याचं टोक

धनुष्य म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताणलेली दोरी, सुटायच्या बेतात असलेला बाण, फार तर हातातली मूठ. टोकांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या पूर्वजांनी मात्र टोकाला वेगळं नाव दिलं होतं, 'कोटि'. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी म्हणजे धनुष्याचं टोक. कॉलेजात आपण 'कॉस थीटा' म्हणून जे घोकलं, ती कोटिज्याही याच घराण्यातली.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती सेनगावला राहते (१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव) आणि बांबूच्या धनुष्याने तिरंदाजी करते. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे, त्यात हेच धनुष्य चालतं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्यावर जगज्जेती झाली. तिचा फोटो भाचीच्या कपाटावर आहे. पण तसलं धनुष्य सगळ्या सामानासकट घ्यायचं तर गोष्ट लाखांत जाते. तोवर बांबू.

तर या बांबूला वरच्या टोकाशी, दोरीच्या खाचेपासून खाली, बोटभर चीर गेली. निवड चाचणीला तीन आठवडे उरलेले. "हे मोडलं की बास झाला हा नाद," असं घरात ऐकू यायला लागलं होतं.

चीर तिथेच का पडते? बांबूची सगळी ताकद बाहेरच्या सालीजवळच्या उभ्या धाग्यांत असते. खाच कापली की नेमके तेच धागे तुटतात. वर दोरीचा सगळा ताण त्या दोन छोट्या खाचांवर. बाण सुटताना दोरी झटक्यात ताठ होते, तेव्हा तर फारच. हल्लीच्या न ताणणाऱ्या सिंथेटिक दोऱ्या हा झटका जराही पोटात घेत नाहीत, सरळ टोकाला देतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम मोडते ती एज केसला :-)

आम्ही सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी टोक पाहिलं आणि म्हणाले, "माय, मुसळाच्या तोंडाला लोखंडी कडं घालतो, तसं घालून देऊ का?"

"नको काका. टोक जड झालं की बाण मंद जातो."

पोरगी बरोबर होती. बाण सोडल्यावर टोकांनाही पळावं लागतं. त्यांच्यात वजन वाढवलं की बाणाला मिळायची ताकद टोकं हलवण्यातच खर्च होते. म्हणजे टोक मजबूत हवं, पण हलकंही हवं. इंग्रजांच्या जुन्या लाँगबोला यासाठी शिंगाच्या टोप्या असत. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोज' जहाज १९८२ साली वर काढलं. त्यात शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. शिंगं बहुतेक कुजून गेलेली, पण ती कुठे बसवली होती ते लाकडावर दिसतं.

आम्हाला शिंग कुठून मिळणार? काकांनी शिसवीची नखाएवढी चकती दिली. आधी चिरेत पातळ अराल्डाइट मुरवलं आणि चीर दाबून बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी चकती टोकाच्या पाठीवर चिकटवली आणि दोरीची खाच तिच्यात कोरली, बांबूची साल आणखी न कापता. खाचेच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, कारण धारदार कड दोरीच कापते. खाचेखाली सुती दोरा अंगाला अंग लावून घट्ट गुंडाळला आणि त्यावर पुन्हा अराल्डाइट. चीर आणखी खाली गेलीच तर हा दोरा तिला अडवतो. खालचं टोक धड होतं, तरी त्यालाही तेच केलं. शिवाय दोरी चढवताना ते जमिनीवर घासतं आणि ओल खातं, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

चोवीस तास हात लावला नाही. मग दोरी चढवली, आधी पाव ताण, मग अर्धा, मग पूर्ण. दर वेळी दोरी हातानेच हळू परत आणायची, बाणाशिवाय कधीच सोडायची नाही. बाण नसला की तो सगळा झटका धनुष्यच खातं.

नंतर तिने घराच्या मागे साठ बाण मारले. मी मोजत होतो, ती दर सहा बाणांनी टोकावरून अंगठा फिरवून बघत होती. बहीण दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. चहा मात्र तिघांचा आणला.

असो. चाचणी पुढच्या रविवारी आहे.