काठीवरचा लेप

मासे गरवणारा माणूस आळशी असतो, असा एक समज आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही. परंतु गरवायची काठी घरी बांधणारा माणूस आळशी असूच शकत नाही. बाजारात तयार काठी मिळत असता ग्राफाइटची निमुळती नळी आणायची, तिच्यावर एकेक कडी दोऱ्याने गुंडाळून बसवायची आणि तो दोरा सुटू नये म्हणून वर इपॉक्सीचा लेप द्यायचा! वेढे घालताना हात तरी रमतो. लेप निवडताना मात्र झोप उडते.

ही काठी अण्णांसाठी होती. माझे वडील. वय ब्याऐंशी, मुक्काम रेवदंडा, आणि खाडीतल्या जिताड्याशी जन्माचे वैर. अलीकडे त्यांचे मनगट थरथरते. जुनी काठी पेलवेना, म्हणून ते खाडीवर जाईनासे झाले होते. आणि खाडीवर न जाणारे अण्णा घरात कोणाला पाहवत नव्हते.

इपॉक्सी दाट मिळते, तशी पातळही. दाट एका हातात भरपूर बसते आणि काचेसारखी फुगीर चकाकते. पातळ दोनदा-तीनदा लावावी लागते, मध्ये वाट पाहावी लागते. पण काठीच्या शेंड्यावर चढलेला गुंजभर भारही मनगटाला कितीतरी जास्त जाणवतो. शिवाय शेंडा जडावला की माशाच्या टोचणीची चाहूल मंदावते. मी पातळ घेतली.

मग रंगाचा प्रश्न. कड्या नीट दिसाव्यात म्हणून अण्णांना दोरा लालभडक हवा होता. साध्या नायलॉनच्या दोऱ्यात इपॉक्सी मुरली, की ओल्या लुगड्यासारखा रंग काळवंडतो. आधी रंगरक्षक द्रव लावला तर रंग टिकतो. पण मग लेप आत मुरत नाही, नुसता वर बसतो. रंग न बदलणारा वेगळा दोरा मिळतो, त्याला झळाळी कमी. अण्णांना झळाळीशी कर्तव्य नव्हते. इपॉक्सीचा एक जनक, स्वित्झर्लंडचा पिएर कास्टान, १९३०-४० च्या दशकात कवळ्यांसाठी पदार्थ शोधत होता, हे मी त्यांना फोनवर सांगितले. "म्हणजे तोंडातलं काठीला लावतोस होय रे?" ते म्हणाले.

राळ आणि तिला घट्ट करणारा द्रव समसमान घ्यावा लागतो. दुसरा जास्त घातला तर लवकर वाळेल असे वाटते. प्रत्यक्षात लेप चिकटच राहतो. दमट हवेत त्यावर मेणचट थर धरतो, म्हणून मी दसरा उलटू दिला. लेप ओघळू नये म्हणून काठी छोट्या मोटरवर तासन्‌तास सावकाश फिरत होती. "कोंबडी भाजताय का सळईवर?" सौ.ने विचारले. मी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लेपाखालून भर्रकन नेऊन बुडबुडे फोडत होतो, तेव्हा तिच्या शंकेत अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

आठवड्याने काठी रेवदंड्याला नेली. अण्णांनी लेपाकडे पाहिलेही नाही. ओटीवर उभे राहून त्यांनी ती एकदा, दोनदा, तीनदा हवेत फेकल्यासारखी केली. मनगट थरथरत होतेच.

"उद्या अष्टमी," ते म्हणाले. "पाऊणपट केली की सहाला भरती. मला पाचला हाक मार."