सव्वाशेचं जेट

मागच्या वीकेंडला लिहायला जमलं नाही, कारण मी मालवणात कार्बोरेटर खोलून बसलो होतो!

झालं असं, की आमच्याकडे बाबांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची इटलीची फियाट ११००, इथे १९६४ पासून बनायला लागलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि एक साधा सोलेक्स कार्बोरेटर. इंजिनकाम निघालंच होतं, म्हटलं जरा दमदार करूया. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं आणि कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं. लॅपटॉप लावून पद्मिनी ट्यून करायची या कल्पनेनंच मला गुदगुल्या होत होत्या.

इंजेक्शनची बाजू खरंच भक्कम आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मात्र साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर धुरावरून हे ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, दाब उतरतो, जेटच्या भोकातून पेट्रोल ओढलं जातं. बस्स. आंबोली चढताना हवा विरळ होते, तरी हा आपला ओततोच.

पडवीत बसून बाबांनी माझं सगळं प्रेझेंटेशन ऐकलं. मग म्हणाले, "आणि पावसात हो कॉम्प्युटर बंद पडलो तर मालवणात कोण बघतलो?"

मी पुण्यात. दोन-दोन महिन्यांनी येणारा. आमच्या घरी खाऱ्या वाऱ्याने इन्व्हर्टरचे टर्मिनलसुद्धा हिरवे पडतात, तिथे सेन्सर आणि त्यांच्या वायरींचं काय होणार? पण खरा मुद्दा तो नव्हता. आई गेल्यापासून दर रविवारी सकाळी बाबा चोक ओढून गाडी सुरू करतात, स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करतात, कान देऊन ऐकतात. ते काम मी लॅपटॉपमध्ये घालून पुण्याला घेऊन निघालो होतो.

सोलेक्स राहिला. आता गणित बघा. जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२०च्या जागी १२५ लावलं की भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्के वाढतं. १४.७ आणि साडेतेरातला फरकही जवळपास तेवढाच! पितळेच्या तुकड्याने केलेला पॅच रिलीज. शिवाय इथेनॉलला टिकणारे होज आणि पेट्रोल पंपाचा नवा डायफ्राम टाकला. थोडं फिरवून प्लग काढून पाहिले. पांढरे असते तर पेट्रोल कमी, काळे असते तर जास्त. आमचे बिस्किटाच्या रंगाचे निघाले.

तोटे आहेतच. अ‍ॅव्हरेज इंजेक्शनइतकं मिळणार नाही आणि आंबोलीच्या चढावर गाडी थोडी जड वाटतेच. पुण्यात रोज चालवायची असती तर मी डोळे झाकून इंजेक्शन बसवलं असतं.

निघायच्या सकाळी बाबांनी बॉनेट उघडलं, स्क्रू किंचित फिरवला आणि मला बोलावलं. "आता आयक."

मला काहीच फरक कळला नाही. मी मान डोलावली.